दमा आटोक्यात येत नाही, मग पित्ताची गोळी द्यायची का?

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आमच्या गटाने वस्तीतल्या विहारात आरोग्य शिबिर घेतले. डॉक्टर तपासत होते, आम्ही नावे लिहून घेत होतो, औषधांच्या टेबलावर बसत होतो. धुणीभांडी करणाऱ्या पन्नाशीच्या एक मावशी आल्या आणि त्यांनी हातातली प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. पित्ताच्या गोळ्यांची तीन वेगवेगळ्या नावांची पाकिटे, दम्याची एक पांढरी गोळी, खोकल्याचे सिरप आणि तळाशी एक पंप. पंपाचे खोके उघडलेलेही नव्हते. “मला दमाबिमा काही नाही रे बाळा, पित्त वर चढलं की दम लागतो,” मावशी म्हणाल्या. रात्री दोन-अडीचला जाग येते, घशाशी आंबट येते, खोकल्याची उबळ सुरू होते आणि मग छातीत शिट्टी वाजायला लागते. पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसायचे आणि सहाला कामाला निघायचे, असे त्यांचे कित्येक महिने चालले होते.

डॉक्टरांनी छाती तपासली, श्वासाचा जोर मोजायच्या नळीत तीनदा फुंकायला लावले आणि सांगितले की दमाही आहे आणि पित्तही आहे. दोघांचे एकमेकांशी नाते असू शकते, पण एकाच्या गोळीने दुसरा बरा होईल असे धरून चालू नका. त्या वेळी आमच्या टेबलाखाली पित्ताच्या गोळ्यांची दोन भरलेली खोकी होती आणि दम्याचा एकही पंप नव्हता. शिबिरात आपण नेमके काय वाटतो, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मागे लागला. वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला कधी ना कधी विचारले जाते: दमा औषधाने आटोक्यात येत नाही, छातीत जळजळही होते, तर पित्तावर उपचार केले की दमा सुटेल का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो आहोत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत ‘पित्त’ या शब्दाला आपण फार राबवतो. अंगावर गांधी आल्या की पित्त उठले, डोके दुखले की पित्त झाले, छाती जळजळली तरी पित्तच. डॉक्टरांच्या भाषेत पित्त म्हणजे यकृतातून येणारा हिरवट-पिवळा रस. आपण इथे बोलतो आहोत ते जठरातल्या आम्लाबद्दल, जे उलट वर अन्ननलिकेत येते. त्याला ॲसिड रिफ्लक्स म्हणतात. तो वारंवार होऊन त्रास देऊ लागला किंवा अन्ननलिकेला इजा करू लागला, की त्या आजाराला जीईआरडी म्हणतात. जेवल्यावर छातीच्या मधल्या हाडामागे आग होणे, वाकले किंवा आडवे झाले की घशाशी आंबट-कडू पाणी येणे, ही त्याची ओळखीची लक्षणे.

दोन नळ्या, एक नस

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. घास खाली जाताना ते सैल होते, एरवी आवळलेले राहते. छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल बाहेरून चिमटा देऊन त्याला मदत करते. हे कडे नको तेव्हा सैल झाले, किंवा पोटातला दाब वाढला, की आम्ल वर येते.

वर आलेले आम्ल दम्याला दोन वाटांनी चिथावू शकते. पहिली वाट नसांची. अन्ननलिका आणि श्वासनलिका गर्भात एकाच नळीतून फुटून तयार होतात आणि दोघींनाही मेंदूतून निघणारी दहावी नस, म्हणजे व्हेगस, पुरवठा करते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्ल लागले की या नसेमार्फत श्वासनलिकांपर्यंत इशारा जातो आणि त्या आवळतात. आम्ल फुप्फुसात जाण्याची गरजसुद्धा नसते. दुसरी वाट सरळ आहे. झोपेत आम्लाचे बारीक थेंब घशापर्यंत येतात आणि चुकून श्वासनलिकेत उतरतात. १९८४ साली मांजरांवर केलेल्या एका प्रयोगात श्वासनलिकेत ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब आम्ल टाकल्यावर श्वासाला होणारा अडथळा चौपटीहून अधिक वाढला होता. अन्ननलिकेत तब्बल १० मिलिलिटर आम्ल सोडले तेव्हा तो सुमारे दीडपटच झाला.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना पटते. उलटी बाजू मात्र फार कमी जणांना सांगितली जाते. दमा स्वतःच आम्ल वर आणतो. धाप लागलेली असताना माणूस जोर लावून श्वास ओढतो, त्यामुळे छातीतला दाब खाली जातो आणि पोटातला वाढतो, म्हणजे जठरातले द्रव वर खेचले जाते. फुप्फुसात हवा अडकून ती फुगली की श्वासपटल सपाट होते आणि त्याचा चिमटा ढिला पडतो. सततच्या खोकल्याने पोटावर दाब येतो तो वेगळाच. शिवाय दम्याची काही औषधे त्या कड्याला सैल करतात. थिओफिलिन जातीच्या गोळ्या यात पुढे आहेत. आपल्याकडे स्वस्त म्हणून त्या अजूनही सर्रास लिहून दिल्या जातात आणि घेतल्यावर मळमळतेही. मावशींच्या पिशवीतली पांढरी गोळी त्याच जातीची होती. म्हणजे दम्यासाठी घेतलेली गोळी आम्ल वर आणत होती, आम्लासाठी तीन नावांच्या गोळ्या चालू होत्या, आणि दम्यावरचा खरा उपचार खोक्यात बंद होता. केमिस्टने किंवा डॉक्टरने मुद्दाम केले असे नाही. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वेळी लिहिलेली औषधे एकत्र कोणी पाहिलीच नव्हती.

तपासून पाहिल्यावर काय दिसले

पोट आणि दम यांचे नाते माणसांनी फार पूर्वी ओळखले होते. चरकसंहितेत श्वासाच्या विकाराचा उगम पित्ताच्या स्थानाशी जोडलेला आहे. विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ च्या वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातही पोट गच्च भरल्याने दम्याचा झटका येऊ शकतो अशी नोंद आहे. पण नोंद असणे आणि उपचार लागू पडणे यात अंतर आहे. १९८० च्या दशकाअखेर ओमेप्राझोल बाजारात आले. त्यापाठोपाठ पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, एसोमेप्राझोल आल्या. या सगळ्या गोळ्यांना मिळून पीपीआय म्हणतात. आम्ल इतके कमी करणारे औषध पहिल्यांदाच हाती आल्यामुळे डॉक्टरांचा तर्क साधा होता. न सुटणाऱ्या दम्याच्या रुग्णांत रिफ्लक्स खूप आढळतो, काहींत तो लक्षणांशिवाय लपलेला असतो, तेव्हा सगळ्यांनाच ही गोळी देऊन बघू. काही वर्षे जगभर तसेच चालले.

मग अमेरिकन लंग असोसिएशनच्या दमा संशोधन केंद्रांनी हा तर्क नीट तपासला. ओढायचे स्टेरॉइड घेऊनही ज्यांचा दमा आटोक्यात नव्हता, पण ज्यांना जळजळीचा त्रास अगदी थोडा होता किंवा नव्हताच, असे ४१२ रुग्ण त्यांनी घेतले. निम्म्यांना एसोमेप्राझोल ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे भरपूर मोठा डोस दिला. निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. २४ आठवडे सगळ्यांनी रोज नोंदी ठेवल्या. निकाल २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. अन्ननलिकेत सेन्सर ठेवून मोजले तेव्हा यातल्या सुमारे ४० टक्के लोकांना खरोखर रिफ्लक्स होता, त्यांना तो जाणवत नव्हता एवढेच. तरीही दमा बिघडण्याचे प्रसंग माणशी वर्षाला साध्या गोळीवर २.३ आणि औषधाच्या गोळीवर २.५ असे निघाले. फरक नाहीच म्हणायचा. सेन्सरने रिफ्लक्स दाखवलेल्यांना वेगळे काढून पाहिले, तरी त्यांनाही फायदा झालेला नव्हता.

मुलांच्या बाबतीत गोष्ट आणखी पुढे गेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तशाच चाचणीत ३०६ मुलांना लॅन्सोप्राझोल किंवा साधी गोळी दिली होती. दमा सुधारला नाही, आणि औषध घेणाऱ्या मुलांना घसादुखी, सर्दी-खोकला, ब्राँकायटिस असे श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त झाले. तुमच्या ओळखीत दम्याच्या लहान मुलाला कोणी ‘असू दे सोबत’ म्हणून पित्ताचे सिरप देत असेल, तर ते का चालू आहे हे एकदा डॉक्टरांना विचारायला सांगा.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग पित्ताच्या गोळीचा दम्याशी काही संबंधच नाही. तेही बरोबर नाही. वरच्या दोन्ही चाचण्यांत ज्यांना जळजळ जवळपास नव्हती असेच रुग्ण होते. ज्यांना जळजळ आणि आंबट पाणी यांचा स्पष्ट त्रास आहे, त्यांचे चित्र थोडे वेगळे आहे. २००५ च्या एका अभ्यासात मध्यम ते तीव्र दमा आणि रिफ्लक्सची लक्षणे असलेल्या २०७ जणांना २४ आठवडे लॅन्सोप्राझोल किंवा साधी गोळी दिली होती. रोजची लक्षणे, फुप्फुसाची ताकद किंवा तातडीच्या पंपाची गरज यांत फरक पडला नाही. पण दमा एकदम बिघडण्याचे प्रसंग मात्र कमी झाले. दम्याची एकाहून अधिक रोजची औषधे लागणाऱ्यांत हा फायदा ठळक होता. २००६ साली ७७० रुग्णांवरील दुसऱ्या अभ्यासात, रिफ्लक्स आणि रात्रीचा श्वासाचा त्रास दोन्ही असलेल्यांचा फुंकण्याचा जोर थोडा सुधारला. २०११ साली अकरा चाचण्यांतल्या २,५२४ रुग्णांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा सकाळच्या फुंकीत सरासरी सुधारणा निघाली मिनिटाला सुमारे ८.७ लिटर. निरोगी प्रौढ माणूस चारशे ते सहाशेच्या घरात फुंकतो, त्या हिशेबात ही वाढ रुग्णाला जाणवणारही नाही.

फायदा इतका किरकोळ का? आमच्या मते यातला कळीचा मुद्दा सोपा असूनही कोणी समजावून सांगत नाही. पीपीआय गोळी रिफ्लक्स थांबवत नाही. ती जठरात तयार होणारे आम्ल कमी करते. कडे ढिले ते ढिलेच राहते आणि जठरातले पाणी वर यायचे ते येतच राहते, फक्त त्याचा आंबटपणा जातो. म्हणून जळजळ थांबते. त्या पाण्यातले पाचक रस आणि कधी खरे पित्तसुद्धा वर येणे चालूच राहू शकते. शिवाय अनेकांत दमा आणि रिफ्लक्स हे नुसते शेजारी असतात. एकामुळे दुसरा झालेला नसतो. दोन्ही आजार इतके सर्रास आहेत की ते एकाच घरात सापडले याचे नवल वाटायला नको.

मग गोळी कोणाला आणि कशी

दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी ‘जिना’ ही संस्था आज जे सांगते त्याचा गाभा असा: रिफ्लक्सची लक्षणे असतील तर रिफ्लक्सवर उपचार करा, कारण तोही आजारच आहे आणि त्याने खोकला वाढतो. लक्षणे नसतील तर केवळ दमा सुटत नाही म्हणून पित्ताची गोळी सुरू करू नका.

लक्षणे असतील तर डॉक्टर सहसा दोन ते तीन महिन्यांची परीक्षा घेतात. ‘परीक्षा’ हा शब्द महत्त्वाचा, कारण परीक्षेला शेवटची तारीख असते. गोळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. दिवसातून दोनदा असेल तर दुसरी रात्रीच्या जेवणाआधी तितकाच वेळ. जठराच्या पेशींत आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात (इथेही पंपच). ते जेवणाच्या वेळी चालू होतात आणि गोळी चालू असलेल्या पंपालाच बंद करते. जेवून झाल्यावर किंवा झोपताना छाती जळली म्हणून घेतलेली गोळी त्यामुळे निम्मी वाया जाते. वस्तीत आम्ही विचारले तेव्हा बहुतेक जण जेवणानंतरच घेत होते.

परीक्षेचा निकाल लावायचा तर नोंद हवी. फुंकण्याचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर प्लास्टिकचा असतो, काही शे रुपयांना मिळतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. शेजारी रात्री किती वेळा जाग आली, तातडीचा पंप किती वेळा ओढला, जळजळ होती का, एवढेच. तीन महिन्यांनी जळजळ गेली पण दम्याचे आकडे तसेच राहिले, तर दम्यासाठी म्हणून ती गोळी चालू ठेवण्यात अर्थ नाही. जळजळीसाठी लागली तर कमीत कमी डोसवर ठेवता येते.

पण या परीक्षेच्याही आधी एक पायरी आहे आणि खरी गफलत तिथेच होते. ‘आटोक्यात न येणारा दमा’ म्हणून आलेल्यांपैकी पुष्कळांना रोजचे औषध पोहोचतच नसते. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, तरुण मुलीने पंप ओढला तर लग्न जुळणार नाही, अशी वाक्ये आम्ही आमच्याच घरांतून ऐकली आहेत. ओढायचे स्टेरॉइड अगदी थोड्या मात्रेत थेट श्वासनलिकेवर पडते. गोळीतून पोटात जाणारे स्टेरॉइड त्यापेक्षा कितीतरी जास्त अंगभर फिरते. त्यातही काही दम्याच्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे, आणि ती खाणाऱ्यालाच वाटत असते की आपण ‘इंग्रजी औषध’ घेत नाही.

पंप असला तरी ओढायची पद्धत चुकते. दाबून फवारणारा पंप हळू आणि खोल ओढायचा असतो आणि मग दहा सेकंद श्वास रोखायचा. कॅप्सूल फोडून ओढायचे यंत्र जोराने आणि झटकन ओढायचे. दोन्ही एकाच पद्धतीने ओढणारे आम्ही पाहिले, आणि कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे एक काकाही. फवाऱ्यासोबत स्पेसर नळकांडे वापरले तर निम्म्या चुका आपोआप टळतात. ते परवडत नसेल तर ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून फट सीलबंद करून वापरता येते. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात मुलांवर तपासून दाखवले की ही बाटली विकतच्या स्पेसरइतकी चालते. स्टेरॉइड ओढल्यावर चूळ भरून गुळण्या करायच्या, नाहीतर घसा बसतो, तोंडात पांढरे चट्टे येतात, आणि तो बसलेला घसाही मग पित्ताच्या खात्यावर जमा होतो.

तातडीचा पंप, म्हणजे सॅल्ब्युटामॉल, वर्षात तीन किंवा अधिक संपत असतील तर दमा आटोक्यात नाही असेच समजावे. महिन्याला एक संपत असेल तर जिवाला धोका आहे. २०१९ पासून ‘जिना’ म्हणते की एकट्या सॅल्ब्युटामॉलवर दम्याचा कोणताही प्रौढ रुग्ण ठेवू नये, सोबत ओढायचे स्टेरॉइड हवेच. याशिवाय चुलीचा आणि कचरा जाळल्याचा धूर, डासांची कॉइल, फिनेल-ॲसिडने संडास धुण्याचे काम, पिठाची गिरणी, विडी, अंगदुखीची काही औषधे, रक्तदाबाच्या किंवा काचबिंदूच्या थेंबांतली बीटा ब्लॉकर औषधे हे सगळे विचारायला हवे. आपल्याकडे टीबीही नाकारून घ्यायला हवा. हे सगळे झाल्यावरही दमा सुटत नसेल, तेव्हा रिफ्लक्सचा विचार खऱ्या अर्थाने सुरू होतो.

गोळीशिवाय जे करता येते

वजन जास्त असेल तर ते कमी करणे हा रिफ्लक्स आणि दमा दोन्हींना लागू पडणारा उपाय आहे. रात्रीचे जेवण आणि झोप यात दोन-तीन तासांचे अंतर हवे. सांगायला सोपे आहे. लोकलने दहाला घरी पोहोचणाऱ्याला किंवा रात्रपाळीच्या वॉचमनला ते कसे जमवायचे, हा प्रश्न उरतोच. अशा वेळी मोठे जेवण दुपारी आणि रात्री थोडकेच, एवढी अदलाबदल काहींना जमते. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ते सहा ते आठ इंच उचलावे. दोन उशा घेऊन फायदा नाही, त्याने मान मोडते आणि पोट दुमडते. पलंग नसेल तर कमरेपासून वर उतार होईल अशा गोधड्यांच्या घड्या घालाव्यात. डाव्या कुशीवर झोपावे, कारण त्या कुशीवर जठराचे तोंड आम्लाच्या पातळीच्या वर राहते.

मशेरी, तंबाखू, गुटखा, विडी यांतले निकोटिन ते कडे सैल करते, दारूही करते. बाकी पथ्याच्या लांबलचक याद्यांवर आमचा फार विश्वास नाही. मिरची, चहा, तेलकट यांचा ज्याला त्रास होतो त्याने ते कमी करावे. ज्याला होत नाही त्याच्या ताटातून उगीच काही काढून घेऊ नये. आधीच त्या ताटात फार काही नसते. खायचा सोडा मात्र रोजचा उपाय नव्हे, त्यातले सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला बाधते.

वर्षानुवर्षे पीपीआय चालू असेल तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, आतड्याच्या संसर्गाची शक्यता वाढते. अचानक बंद केली तर काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षा जास्त उसळते आणि माणसाला वाटते की गोळीशिवाय जगणे शक्य नाही. म्हणून ती हळूहळू कमी करतात. नावात ‘डी’ असलेल्या बऱ्याच गोळ्यांत डॉम्पेरिडोन असते. त्याने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे युरोपच्या औषध नियामकाने २०१४ साली ते मळमळ-उलटीपुरते आणि साधारण आठवडाभरच वापरावे असे ठरवले. आपल्याकडे ते महिनोन्महिने चालते. रॅनिटिडिनही अजून घरोघरी आहे. २०२२ साली ते भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतून वगळले गेले.

काहींना पुढच्या तपासण्या लागतात. दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, रिफ्लक्स असूनही साफ येऊ शकते. खरे मोजमाप नाकातून बारीक नळी घालून २४ तास आम्ल मोजण्याने होते. जळजळ नाही पण दम्यासाठी रिफ्लक्सचा संशय आहे, अशा रुग्णात आधी गोळी देण्यापेक्षा हे मोजणे बरे, असा आता कल आहे. शस्त्रक्रियेने कडे आवळता येते. २००३ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी चारांतल्या सुमारे तिघांचा दमा सुधारला, पण अभ्यास फक्त ६२ रुग्णांचा होता आणि फुप्फुसाच्या मोजणीत फरक दिसला नाही. निवडक रुग्णांसाठीच ती वाट आहे.

घास अडकणे, वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच यांतले काही असेल तर घरच्या गोळ्या थांबवून तपासणीला न्यावे. आणि बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर पडत असतील, तातडीचा पंप ओढूनही उतार नसेल, तर ‘पित्त चढलंय, उतरेल’ म्हणत सकाळची वाट पाहू नये. रात्रीच रुग्णालय गाठावे.

मावशींना सरकारी रुग्णालयातून स्टेरॉइडचा पंप मिळाला. एका महिन्यात तिथे साठा नव्हता, तेव्हा वस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढून बाहेरून आणला. थिओफिलिन बंद झाले, पित्ताची एकच गोळी राहिली आणि ती सकाळी चहाच्याही अर्धा तास आधी. उशाखाली त्यांच्या मुलाने गोधड्या रचल्या. तीन महिन्यांनी फुंकीचा आकडा १९० वरून २६० वर आला होता आणि आठवड्यात एखादीच रात्र जागून जात होती. मधे गावी गेल्या असताना पित्ताची गोळी दहा दिवस राहिली. जळजळ परत आली, दम मात्र लागला नाही. पुढे पंप चार दिवस संपला होता, तेव्हा तिसऱ्या रात्री त्या पुन्हा भिंतीला टेकून बसल्या. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण मावशी आता दम्याला दमा म्हणतात, आणि पित्ताला पित्त.

येत्या एप्रिलच्या शिबिराची यादी आम्ही परवा केली. पित्ताच्या गोळ्यांचे एकच खोके ठेवले आहे, तेही डॉक्टरांच्या टेबलावर. दोन पीक फ्लो मीटर घेतले आहेत, आणि पंप कसा ओढायचा हे दाखवायला एक वेगळे टेबल लागणार आहे. त्या टेबलावर बसायला मावशी तयार आहेत.